चकाकी ओळखणाऱ्या पेशी

तुम्हाला डोळे नाहीत. काळ सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वीचा. महाड नाही, सावित्री नदी नाही, सह्याद्रीही नाही. तुम्ही समुद्रात तरंगणारा पेशींचा इवलासा पुंजका आहात. त्यातल्या एका पेशीच्या आवरणात ऑप्सिन नावाचं प्रथिन आहे. त्याच्या कुळातली बाकीची प्रथिनं रसायनं ओळखतात. याने मात्र पोटात रेटिनल नावाचा एक वाकलेला रेणू धरून ठेवला आहे, जीवनसत्त्व ‘अ’चा जवळचा नातलग. वरून प्रकाशाचा एक कण येतो, रेटिनलवर आदळतो, आणि सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आत तो रेणू सरळ होतो. ऑप्सिनचा आकार बदलतो. पेशीला निरोप पोचतो: उजेड आहे.

चित्र नाही, रंग नाही, उजेड कुठून आला तेही कळत नाही. पण यापुढे प्राण्यांचे जितके डोळे उघडतील, त्यांतला एकही ऑप्सिनला वगळून उघडणार नाही. गोड्या पाण्यातला हायड्रा आजही फारसा पुढे सरकलेला नाही. त्याला डोळा नाही, ऑप्सिन आहे; आणि उजेड मंदावला की त्याच्या दंशपेशी भक्ष्यावर सुटायला अधिक तयार होतात.

पुढे या. तुम्ही आता चपटा कृमी आहात, दगडाच्या बुडाशी चिकटलेला. तुमच्या प्रकाशपेशींना एका बाजूने काळ्या रंगद्रव्याची वाटी आली आहे. वाटीने एक बाजू झाकली, म्हणून उजेड कोणत्या बाजूचा हे पहिल्यांदाच कळतं. तुम्ही लगेच उलट दिशेला, अंधाराकडे सरकता. दिशा कळायला भिंग लागलं नाही, थोडीशी सावली पुरली.

इथवर येताना एक वाट मागेच फुटली आहे. प्रकाशपेशीला ऑप्सिन भरपूर साठवायचं तर आवरणाला घड्या हव्यात. एका घराण्याने त्या केसासारख्या पक्ष्माभिकेवर पाडल्या. तुमचे-माझे बघण्याचे डोळे त्या घराण्याचे. दुसऱ्याने पेशीच्या कडेला नळ्यांसारख्या सूक्ष्मांकुरांची दाट रांग उभी केली; कीटक, कोळी, गोगलगाय तिकडचे. दोघांचा कारभारही उलटा. माशीच्या पेशीत उजेड पडला की आवरणातली दारं उघडतात आणि विद्युतभारित कण आत घुसतात. आपल्या पेशीत उजेड पडला की उघडी दारं मिटतात. २००४ साली प्लॅटिनेरिस या समुद्री कृमीत दोन्ही घराण्यांच्या पेशी एकत्र सापडल्या, डोळ्यांत एक आणि मेंदूत दुसरी. म्हणजे दोघींचा वारसा आपल्या आणि कृमीच्या सामाईक पूर्वजापासूनचा. मला या सगळ्या कथेत याहून थक्क करणारं काही वाटत नाही.

५२ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात फार रेंगाळू नका. तिथे ट्रायलोबाइट कॅल्साइटच्या, म्हणजे चक्क खनिजाच्या भिंगांतून तुमच्याकडे बघतायत. ६.६ कोटींवर मात्र जरा थांबा. पाय भाजतील, कारण महाडखालचा काळा कातळ आत्ता लाव्हा म्हणून वाहतोय. दोन थरांच्या मध्ये शांततेचा काळ येतो, तेव्हा खोलगट जागी तळी साचतात. अशा तळ्यांचा गाळ नागपूरकडे आणि मुंबईत सापडला आहे, आणि त्यात ऑस्ट्राकॉड या इवल्या जलजीवांची बारीक कवचं आहेत. कातळ धड निवलेला नाही, तोवर पाणी शोधत कुणीतरी तिथे पोचलेलंच होतं.

आता २० मार्च १९२७. तुम्ही महाडच्या चवदार तळ्यावर घिरट्या घालणारी चतुराची मादी आहात. तुमच्या काही भाऊबंदांच्या एकेका डोळ्यात ३०,००० पर्यंत नेत्रिका, म्हणजे इवले घटक-डोळे असतात. आपण माणसं तीन रंग-ऑप्सिनांवर भागवतो. १२ जातींच्या चतुरांत २०१५ साली १५ ते ३३ ऑप्सिन जनुकं मोजली गेली. पण अंडी घालायला पाणी हवं, आणि ते ओळखायला रंग पुरत नाही. पाण्यावरून उसळलेला प्रकाश बहुतांशी आडवा कंप पावतो. तुमच्या प्रकाशपेशीतले सूक्ष्मांकुर एकमेकांना समांतर, आणि त्यांच्यातलं रेटिनलही बरंचसं त्यांच्याच दिशेने बसलेलं. त्यामुळे आडव्या बसलेल्या पेशीला आडव्या कंपाचा प्रकाश सर्वाधिक जाणवतो. खाली चकाकी दिसली, म्हणजे पाणी. तुम्ही शेपटी टेकवता. कुणी अडवत नाही.

गुराढोरांनाही कुणी अडवलेलं नाही. अडवलंय ते अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना, आणि ही निर्दयता रोजच्या व्यवहाराचा भाग होऊन बसली आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केलं. कागद झाला, पाणी मिळालं नाही.

म्हणून चतुराचे डोळे सोडा आणि मोर्च्यातले व्हा. उन्हातून हजारो माणसं अस्पृश्यांच्या परिषदेच्या मंडपापासून इथवर चालत आली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाण्याशी उतरतात, ओंजळ भरतात, पितात. मागोमाग तुम्ही वाकता. लाटांवरची चकाकी सरळ डोळ्यांत येते आणि बाहुल्या आवळतात. या चकाकीची खबर मेंदूकडे नेणाऱ्या पेशींचा शोध लागायला २००२ उजाडेल. त्यांच्यात मेलानोप्सिन आहे, चतुराच्या ऑप्सिनाचं जवळचं भावंड. निरोप द्यायची त्यांची रीतही सूक्ष्मांकुरवाल्या घराण्याची. तुमच्या डोळ्यात दोन्ही घराणी नांदतात. लाठी घेऊन येणाऱ्याच्याही.

तो येणार आहे. वीरेश्वराच्या देवळात घुसण्याची अफवा उठेल, मंडपात जेवणाऱ्यांवर हल्ला होईल, मग तळ्यातून १०८ घागरी काढून पंचगव्याने ‘शुद्धी’ होईल, आणि तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडेल. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तरी पाणी प्या, आणि बाजूला सरका. मागे रांग मोठी आहे.