स्ट्रटचे कूळ

मोटारीच्या पुढच्या चाकाआड उभा असलेला स्ट्रट घरच्या घरी उतरवू पाहणाऱ्या गृहस्थाला पहिल्याच प्रयत्नात एक विसंगती जाणवते. पुढच्या अंगाचा निम्मा भार ज्या अवयवावर तोललेला असतो, तो बॉनेटखालचे दोन-तीन नट आणि चाकामागचे दोन जाड बोल्ट सुटताच सगळाच्या सगळा हाती येतो. परंतु हाती आल्यावर त्याच्या माथ्यावर मधोमध जो एकच नट उरतो, त्याला पाना लावण्यापूर्वी मुरलेला मिस्त्रीही क्षणभर थांबतो. ही सुलभता आणि हे भय या दोहोंचा उगम एकच आहे, आणि तो दुरुस्ती करणाऱ्याच्या सोयीत नसून एका स्वस्त मोटारीच्या जमाखर्चात आहे.

दुसरे महायुद्ध संपत आले असता, हजार डॉलरांच्या आत विकता येईल अशी हलकी मोटार सिद्ध करण्याची कामगिरी जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने 1945 साली अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याकडे सोपवली. ‘कॅडेट’ हे तिचे योजिलेले नाव. त्या काळच्या प्रचलित रचनेत चाकाला वरून एक आणि खालून एक असे दोन आडवे हात धरून ठेवीत, स्प्रिंग निराळी असे, धक्के शमवणारा दांडा आणखी निराळा, आणि या प्रत्येकासाठी स्वतंत्र बुश, स्वतंत्र सांधा व स्वतंत्र मजुरी खर्ची पडे. मॅकफर्सनने वरचा हात सरळ बरखास्त केला. धक्के शमवणाऱ्या तेलाच्या दांड्यालाच त्याने चाकाचा उभा खांब बनवले, त्याच्याभोवती स्प्रिंग बसवली, आणि खांबाचा माथा थेट मोटारीच्या अंगाला जोडून टाकला: हाच तो स्ट्रट. ही कल्पना सर्वस्वी आकाशातून पडली होती असे नाही. फियाटच्या ग्वीदो फोर्नाका यांच्या नावावर 1920च्या दशकातील तत्सम रचना आढळते. पण कारखान्यात हजारोंनी निघण्याजोगे रूप तिला मॅकफर्सनने दिले, म्हणून कुळाला नाव त्याचे लागले, हे मला न्याय्यच वाटते.

कॅडेट मात्र जन्माला आलीच नाही. युद्धोत्तर अमेरिकेत मोठ्या गाड्यांचाच उठाव इतका होता, की लहान गाडीवर पोलाद आणि पैसा खर्चण्याचे प्रयोजन वरिष्ठांस दिसेना, आणि 1947 साली सारी योजना दप्तरी दाखल झाली. त्याच वर्षी मॅकफर्सन फोर्डच्या चाकरीत गेला. अमेरिकेत हुकलेला योग ब्रिटनमध्ये जुळून आला: 1950 साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात फोर्डने मांडलेल्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांच्या पुढच्या चाकांना हे खांब होते. त्या गाड्यांना स्वतंत्र चासी नव्हती, पत्र्याचा सांगाडाच चासीचे काम करी. आणि खांबाच्या माथ्याला टेकण्यासाठी मडगार्डच्या आत उंचावर जी भक्कम जागा लागते, ती अशाच सांगाड्यात निर्माण करता येते. त्यातही काटकसर अशी, की वळणावर गाडी झुकू नये म्हणून बसवलेल्या आडव्या सळईनेच खालच्या हाताला मागेपुढे हलण्यापासून रोखण्याचे दुसरे काम करावे.

मॅकफर्सन पुढे फोर्डच्या अभियांत्रिकी शाखेचा उपाध्यक्ष झाला आणि 1960 साली वारला. त्याच्या खांबाचे खरे साम्राज्य त्यानंतरचे आहे. इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरवणाऱ्या लहान गाड्यांचे युग आले, तेव्हा वरचा हात नसल्यामुळे मोकळी झालेली जागा लाखमोलाची ठरली. 1974च्या फोक्सवॅगन गोल्फने तर ही रचना घरोघर नेली. आपल्याकडे अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या पुढच्या चाकांची घडण जुन्या वहिवाटीची होती. स्ट्रट सामान्य गृहस्थाच्या दारी आला तो डिसेंबर 1983 मध्ये अवतरलेल्या मारुती 800 बरोबर, आणि 1998 साली पुण्याच्या इंडिकानेही तोच पत्करला.

घरी उतरवण्याच्या पद्धतीचा सारा क्रम या इतिहासातूनच निघतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, मग जॅकने उचलून सांगाड्याखाली स्टँड द्यावेत आणि चाक काढावे. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून चाकाआड हात घालणारा माणूस शूर नव्हे, बेफिकीर. ब्रेकची रबरी नळी खांबावरच्या क्लिपेतून सोडवावी. नकलला, म्हणजे चाकाचा आस धरणाऱ्या भागाला, खांब धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टांपैकी एखादा पुष्कळ गाड्यांत चाकाचा कल साधण्यासाठी हेतुतः फिरता ठेवलेला असतो, म्हणून सोडवण्यापूर्वी त्याच्या जागेवर छिन्नीने वा खडूने खूण करावी. बोल्ट निघाल्यावर नकल बाहेर कलंडते आणि ब्रेकच्या नळीस व ड्राइव्ह-शाफ्टला ओढ बसते. म्हणून नकल तारेने बांधून ठेवावी. सरतेशेवटी बॉनेटखालचे कडेचे नट काढावेत. मधला नट नव्हे! तो स्प्रिंगला कोंडून ठेवणारा आहे, आणि स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता तो सोडणे म्हणजे पिंजऱ्यातल्या वाघाची कडी काढून बाजूला उभे राहणे होय. तीन अवयव एका खांबात कोंबून मॅकफर्सनने जी बचत साधली, तिची किंमत या एका नटाच्या ठिकाणी वसूल होते. कॉम्प्रेसरचे दोन्ही आकडे समोरासमोर लावून आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. अनेक गाड्यांत स्प्रिंग मुळातच खांबाच्या अक्षाशी तिरकस बसवलेली असल्याने ती एकीकडे निसटू पाहते. वरची बेअरिंग झिजली असेल, तर स्टिअरिंग फिरवताना येणारी करकर नव्या खांबानेही जाणार नाही. म्हणून बेअरिंगही याच वेळी बदलावी.

प्रारंभीच्या पुष्कळ स्ट्रटांचे नळकांडे उघडता येई. वरची गळ्याची चकती फिरवून आतले तेल बदलावे किंवा पुढे आलेले तयार काडतूस आत बसवावे, की खांब पुन्हा नव्याने रुजू होई. पुढे कारखानदारांनी तोंड बंद करून टाकले, आणि आता तर स्प्रिंग, बेअरिंग व खांब एकत्र आवळलेला संचही बाजारात मिळतो. जुन्या चिकाटीच्या मिस्त्रीला हे अधःपतन वाटते. मला तसे वाटत नाही: स्प्रिंग सोडवण्याची पाळीच ज्यात येत नाही, तो संच घरच्या कामाला सर्वांत उचित.

असा संच तुमच्या गाडीसाठी मिळत नसेल आणि धड कॉम्प्रेसरही हाताशी नसेल, तर स्ट्रट खुशाल घरी उतरवा, पण स्प्रिंगसकट बगलेत मारून गॅरेजात न्या. मधला नट तेथे सोडवून घ्या, दोन्ही बाजूंचे खांब एकदमच बदला, आणि गाडी रस्त्यावर आल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घेतल्याखेरीज लांबच्या प्रवासाला निघू नका.