अर्कोनादाची जर्सी

फ्रान्समध्ये फुटबॉलची चर्चा चालते तेव्हा ‘अर्कोनादा’ म्हणजे गोलरक्षकाने केलेली हास्यास्पद चूक. ज्याचं हे आडनाव, तो सलग तीन मोसम (१९८० ते १९८२) स्पेनचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरून सामोरा करंडक मिळवलेला माणूस होता.

लुईस अर्कोनादाचा जन्म १९५४ चा, समुद्रकाठच्या सान सेबास्तियान या बास्क शहरातला. मोठ्या फुटबॉलमध्ये क्लब एकच, गावचा रियाल सोसिएदाद. तेव्हा या क्लबात फक्त बास्क पोरंच खेळत. आपल्याकडे काही पलटणी एकाच मुलखातल्या पोरांवर उभ्या असतात, तसंच हे. १९७९-८० च्या लीगमध्ये हा संघ सलग ३२ सामने हरला नाही. शेवटून दुसरा सामना सेव्हियात हरला आणि एका गुणाने अजिंक्यपद रियाल माद्रिदला गेलं. पुढच्या वर्षी हिहोनला शेवटच्या सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी गोल करून २-२ बरोबरी साधली आणि लीग जिंकली. त्याच्या पुढच्या वर्षी परत जिंकली. छोट्या शहराच्या क्लबाने लागोपाठ दोनदा! गोलमध्ये उभा होता अर्कोनादा.

१९८२ चा विश्वचषक स्पेनमध्येच झाला, कप्तान तोच. उत्तर आयर्लंडविरुद्ध त्याने हाताने ढकललेला चेंडू नेमका आर्मस्ट्राँगच्या पायाशी गेला आणि यजमान १-० ने हरले. तरी १९८४ च्या युरोपीय स्पर्धेतही कप्तान तोच होता. पश्चिम जर्मनीविरुद्ध त्याने किल्ला लढवला म्हणूनच मासेदाच्या ९० व्या मिनिटाच्या गोलला किंमत आली. उपांत्य सामन्यात डेन्मार्कला पेनल्टींवर हरवून स्पेन अंतिम फेरीत पोचलं.

२७ जून १९८४, पॅरिस. ५७ व्या मिनिटाला प्लातिनीची फ्री किक. चेंडू खालून आला, फार जोराचाही नव्हता. अर्कोनादाने डावीकडे झेप घेऊन तो अंगाखाली दाबला आणि तिथूनच तो निसटून रेषेपार गेला. शेवटी बेलोनने दुसरा गोल केला, पण आजवर दाखवला जातो तो पहिलाच.

ईशान्येत पोस्टिंगवर असताना आमच्या कंपनीतली मणिपुरी पोरं रोज संध्याकाळी फुटबॉल खेळत. गोलमध्ये उभं राहायला कोणी राजी नसे. कारण उघड आहे. संत्र्याच्या शंभर शांत रात्रींचा कुठे अहवाल जात नाही. ज्या रात्री काही घडतं तीच कागदावर येते. चौकीवर निदान दुसरा माणूस जोडीला असतो. अर्कोनादाच्या मागे फक्त जाळं होतं. त्या रात्रीवरून त्याला तोलणाऱ्यांनी मला विचाराल तर हिशेबच चुकीचा मांडला. तो नसता तर स्पेन त्या मैदानापर्यंत पोचलंच नसतं.

पुढे १९८५ मध्ये गुडघा गेला, सबंध मोसम गेला, मेक्सिकोचा विश्वचषक हुकला आणि स्पेनच्या गोलमध्ये सुबिसारेता आला. देशासाठी ६८ सामने, तेवढ्यावर ते थांबलं. क्लबासाठी मात्र तो परत उभा राहिला. १९८७ मध्ये सारागोसाला राजाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात अतलेतिको माद्रिदशी २-२ बरोबरी झाली, आणि सोसिएदादने पेनल्टींवर चषक जिंकला. दोन वर्षांनी त्याने हातमोजे उतरवले.

स्पेनने युरोपचं अजिंक्यपद पुन्हा मिळवलं ते २९ जून २००८ ला, व्हिएन्नात, जर्मनीला १-० हरवून. पदकं देण्याचं काम युरोपीय फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांचं, आणि तेव्हा अध्यक्ष होता मिशेल प्लातिनी. रांगेत आंद्रेस पालोप होता, स्पेनचा तिसरा गोलरक्षक, स्पर्धेत एक मिनिटही न खेळलेला. त्याने अंगात १९८४ ची अर्कोनादाची जर्सी घातली होती आणि तीच घालून तो प्लातिनीसमोर पदक घ्यायला गेला.