उंबरठ्याआडच्या मुली

बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे उन्माद आणि नैराश्याच्या आलटून पालटून येणाऱ्या लाटा. हा आजार मुलींत अधिक की मुलांत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: रुग्णाला दवाखान्यात आणले कोणी?

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. १८६४ मध्ये नागपुरात वेड्यांचे इस्पितळ निघाले. तेव्हा लागू असलेल्या १८५८ च्या कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेणे हे पोलिसांचे काम ठरवले होते. साहजिकच ब्रिटिश हिंदुस्थानातल्या अशा इस्पितळांत पुरुषांची संख्या जास्त असे. बाजारात आरडाओरडा करणारा तरुण शिपायाच्या नजरेत येई. माजघरात रात्र रात्र जागून बडबडणारी मुलगी उंबरठ्याआडच राही.

जर्मनीत चित्र उलटे होते. एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये या आजाराला ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ असे नाव दिले. त्यांच्या रुग्णांत सुमारे ७० टक्के स्त्रिया होत्या, आणि त्याचे कारण त्यांनी स्त्रियांच्या भावनाशीलतेत शोधले. आपल्याकडे सगळे वेडे एकत्र मोजले जात, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करता येत नाही. तरीही इस्पितळाची वही आजारापेक्षा दाराबद्दलच अधिक सांगते, हे दोन्हीकडे दिसते. क्रेपेलिन यांचे एक निरीक्षण मात्र टिकले: पहिला झटका बहुधा १५ ते २० या वयात येतो.

दारातून बाहेर पडून घरोघर मोजणी केली की काय होते? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के निघाले. मुलगे-मुली जवळपास सारखे. निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. बायपोलरचा ठळक प्रकारही प्रौढ स्त्री-पुरुषांत साधारण सारखाच आढळतो. मुलींत मात्र सुरुवात अनेकदा नैराश्याने होते. नुसत्या नैराश्यावर औषध दिले, तर काहींत दडलेला उन्माद उफाळून येतो.

सेवाग्रामला १९४५ मध्ये बायका-मुलांसाठी कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले; १९६९ मध्ये सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. नागपूरची वाट धरण्याची गरज कमी झाली, पण उंबरठा अजून उंचच आहे. मुलगा बेफाम वागला तर ‘वाया गेला’ म्हणतात. मुलगी वागली तर ‘बाहेरचे लागले’, ‘लग्न केले की ठीक होईल’. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचा उल्लेख असल्याने निदानाचा कागदच घरात दडवला जातो. पुढे व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला घातक ठरू शकते. म्हणून मुलीच्या बाबतीत निदान वेळेवर आणि उघडपणे होणे अधिकच गरजेचे.

दीडशे वर्षांपूर्वी शिपाई जिला पाहू शकला नाही, तिला आज शाळेतली बाई, आशाताई आणि आई पाहू शकतात. वहीतला आकडा त्यांच्यापासून सुरू व्हायला हवा.