मटक्याचा आकडा आणि मशीनच्या रेषा

मंडळी, जुगाराचा इतिहास म्हटला की आपण थेट महाभारतातल्या द्यूतसभेत जाऊन बसतो. मी तुम्हाला तितकं लांब नेणार नाही. हल्ली मोबाइलच्या पडद्यावर चित्रांची चाकं फिरतात आणि त्यांवरून रंगीत रेषा धावतात. त्या रेषांचा हिशेब समजून घ्यायचा, तर आपल्या मुंबईच्या मटक्याइतका चांगला मास्तर नाही.

मटक्याच्या आधी होता नुसता आकडा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडायचा आणि बंद व्हायचा, ते भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये यायचे. त्यांतले शेवटचे अंक काय असतील, यावर लोक पैसे लावत. उघडत्या भावाचा ‘ओपन’, बंद भावाचा ‘क्लोज’. गिरणगावातला कामगार दिवसभर कापसाचं सूत काढायचा आणि संध्याकाळी कापसावरच पैसे हरायचा. 1961 मध्ये न्यूयॉर्कचे भाव येणं थांबलं. दुसरा कुठला धंदा असता तर तिथंच बसला असता. इथं 1962 मध्ये कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी वरळीत मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. 1964 मध्ये फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्रींनी आपला वेगळा मटका मांडला. पुढे मडकं गेलं, पत्ते आले, नाव मात्र मटकाच राहिलं.

गिरणीतले गडी सुटीला रायगडातल्या आपापल्या गावी येत, तेव्हा त्यांच्याबरोबर आकडाही यायचा. माझ्या लहानपणी पनवेलला पानाच्या टपरीवर ‘काय आला?’ एवढंच कुणी विचारलं, तरी काय ते सगळ्यांना कळायचं. पैसे घेऊन चिठ्ठी लिहून देणाऱ्याला ‘रायटर’ म्हणत. पुढे मी कविता लिहू लागलो, वह्याच्या वह्या भरल्या, पण मला कुणी रायटर म्हणालं नाही. तो मान त्याचाच होता.

आता मटक्याचं गणित पाहा. शून्य ते नऊमधले तीन अंक निघायचे, त्यांची झाली ‘पत्ती’. समजा 3, 6 आणि 8 निघाले. बेरीज 17, तिचा शेवटचा अंक 7, म्हणून ओपन सत्ता. नंतर पुन्हा तीन अंक, समजा 2, 4 आणि 8. बेरीज 14, म्हणून क्लोज चौका. जोडी झाली 74. एक आकडा लागण्याची शक्यता दहात एक आणि भाव सर्वसाधारणपणे रुपयाला नऊ रुपये. मटका अगदी इमानदारीत काढला असं धरलं, तरी शंभर रुपयांमागे दहा रुपये मालकाच्या खिशात. चौथी शिकलेल्या माणसालाही हा हिशेब करता यायचा. करून तो थांबायचा नाही, ती गोष्ट वेगळी! पण आकडा आला नाही तर आपण हरलो, याबद्दल त्याच्या मनात शंका नसायची.

मशीनची सुरुवातही अशीच सरळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या कारागिरानं ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र बनवलं. तीन चाकं, बाजूला एक दांडा. दांडा ओढला की चाकं फिरायची आणि थांबताना तीन चित्रं एका ओळीत यायची. तीन घंटा आल्या तर सगळ्यात मोठं बक्षीस. ती ओळ म्हणजेच रेषा, आणि ती एकच होती. एकेका चाकावर दहा जागा धरल्या तर एकंदर जुळण्या हजार. आपल्या पत्तीचे तीन अंक निघालेल्या क्रमानं मोजले तर त्याही बरोबर हजार!

आपल्याकडे ही यंत्रं कायद्यानं आली ती गोव्यात. 1992 मध्ये तिथल्या जुगाराच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली. महाराष्ट्रानंही 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला.

मधल्या काळात लोखंडी चाकं जाऊन पडद्यावरची चाकं आली आणि रेषा वाढल्या. आता पाच चाकं असतात, प्रत्येकावर तीन चित्रं दिसतात. डावीकडून उजवीकडे जायच्या वाटा मोजल्या तर 243 होतात. त्यांतल्या वीस-पंचवीस वाटा कंपनी निवडते, काही सरळ, काही तिरक्या, काही नागमोडी, आणि त्यांना रेषा म्हणते. एका रेषेवर सारखी चित्रं लागोपाठ आली की त्या रेषेचे पैसे. मात्र प्रत्येक रेषेवर वेगळा डाव लावावा लागतो. वीस रेषा, रेषेला रुपया, तर एका फेरीचे वीस रुपये. एखाद्या रेषेवर पाच रुपये लागतात. दिवे लुकलुकतात, संगीत वाजतं, पडद्यावर अभिनंदन होतं. गेले मात्र पंधरा. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये हेच तपासलं. हरण्याला जिंकण्याचे कपडे घातले की खेळणाऱ्याचं शरीरही खरोखर जिंकल्यासारखं उत्तेजित होतं, असं त्यांना दिसलं.

रेषा वाढवल्या तर ‘लागतं’ जास्त वेळा, एवढंच. शेकडा तोटा तोच राहतो. मटक्यासारखाच शंभराला दहा धरा. मटक्यात एका आकड्याला वीस रुपये लावले तर सरासरी दोन रुपये जात, आणि निकालासाठी तासन्‌तास थांबावं लागे. मशीनची फेरी पाच सेकंदांची. तासाला 720 फेऱ्या, लावलेले पैसे 14,400 आणि तोटा सरासरी 1,440 रुपये. शिवाय चाकं कशी फिरवायची हे आतला प्रोग्राम ठरवतो. बेकायदा अॅपमधल्या त्या प्रोग्रामला विचारणारं कोण?

आपला जुगारबंदीचा कायदा 1887 चा. त्याला अड्डा लागतो, चिठ्ठ्या लागतात. छापा घालून कलम 12(अ) लावायला समोर कुणीतरी बसलेलं लागतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. हे मला रास्त वाटतं.

हा कायदा होण्याच्या थोडं आधी पनवेल स्टेशनबाहेर एका ओळखीच्या रिक्षावाल्याला मी हे रेषांचं गणित सांगत होतो. त्याला पटेना. म्हणाला, “चाचा, काल रात्रीच सात वेळा लागलं.” मी म्हटलं, “बाबा, बँकेच्या नोंदी काढ.” त्यानं फोनवर काढल्या. कधी दोनशे, कधी पाचशे असे महिन्याभरात 11,400 रुपये गेले होते, परत आले होते 3,150. रांग पुढे सरकली, मागच्यानं हॉर्न दिला, तरी तो पडद्याकडेच बघत होता.

“पण चाचा,” तो म्हणाला, “रोज तर लागत होतं!”