मुख्य सामन्याआधीचा सामना

ब्राझील हा जगातील सर्वाधिक कॅथलिक लोकसंख्येचा देश. फुटबॉल तर त्या देशाच्या रक्तातच आहे. परंतु याच देशात स्त्रियांच्या फुटबॉलवर तब्बल अडतीस वर्षे शासकीय बंदी होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या बंदीच्या इतिहासात एका सामन्याला विशेष स्थान आहे. तो सामना मुख्य नव्हता. पुरुषांच्या सामन्यापूर्वी, प्रेक्षक जमत असताना, खेळविलेला तो स्त्रियांचा सामना होता.

साओ पावलो शहरातील पाकाएम्बू हे भव्य क्रीडांगण २७ एप्रिल १९४० रोजी खुले झाले. पुढच्याच महिन्यात रिओच्या उपनगरांतील दोन महिला संघांना तेथे पाचारण करण्यात आले. योजना साधी होती. पुरुषांच्या सामन्यासाठी लोक येणारच होते. त्याच तिकिटावर, त्याच मैदानावर, त्यांना आधी स्त्रियांचा खेळ दाखवावयाचा. ज्या खेळाडूंना स्वतःचा प्रेक्षकवर्ग नाही, त्यांना दुसऱ्यांचा प्रेक्षकवर्ग घटकाभर उसना द्यावयाचा, हे या प्रथेचे मर्म होय.

उसन्या गर्दीचे गुणदोष दोन्ही आहेत. सामना सुरू होतो तेव्हा बाके निम्मी रिकामी असतात. जे आलेले असतात त्यांतले काही कुतूहलाने, तर काही थट्टेच्या भावनेने पाहतात. तरीही, न पाहता केलेली चेष्टा आणि पाहिल्यानंतरचे मत यांत अंतर असते. चेंडू नीट अडविलेला, नेमका पुढे दिलेला दिसला, की प्रेक्षक खेळणारी व्यक्ती कोण हे विसरून खेळ पाहू लागतो. विरोधकांना भीती वाटली ती नेमकी याचीच. परसात खेळणाऱ्या मुलींची दखल कोणी घेतली नव्हती. त्या मोठ्या मैदानावर दिसू लागल्या तेव्हा वादळ उठले.

त्याच सुमारास एका नागरिकाने राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ व्हार्गास यांना पत्र लिहून स्त्रियांच्या फुटबॉलला आळा घालण्याची विनंती केली. या खेळाने भावी मातांच्या आरोग्यास अपाय होईल, असा त्याचा युक्तिवाद होता. पत्र वृत्तपत्रात छापले गेले आणि शासनाच्या शिक्षण व आरोग्य खात्यापर्यंत पोहोचले. १४ एप्रिल १९४१ रोजी निघालेल्या क्रीडाविषयक हुकूमनाम्याच्या ५४ व्या कलमाने, स्त्रीप्रकृतीशी विसंगत ठरणारे खेळ स्त्रियांना वर्ज्य केले. पाकाएम्बूवरील त्या सामन्यास तेव्हा एक वर्षही झाले नव्हते.

यापुढील प्रसंग आम्हां ख्रिस्ती जनांस अंतर्मुख करणारा आहे. मिनास जेराइस राज्यातील आरागुआरी या गावी १९५८ साली एका शाळेच्या मदतीसाठी मुलींचे संघ उभे करण्यात आले. सामन्याला लोटलेली गर्दी पाहून इतर शहरांतूनही निमंत्रणे आली. हेतू परोपकाराचा होता, लोकांचा प्रतिसाद उत्स्फूर्त होता. तरीही १९५९ मध्ये, धार्मिक गटांच्या दबावामुळे, तो उपक्रम गुंडाळावा लागला. कायद्याने जे सैलपणे सोडले होते ते भाविकांच्या आग्रहाने घट्ट आवळले गेले.

१९६५ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय क्रीडा परिषदेने फुटबॉलचे स्पष्ट नाव घेऊन ती बंदी अधिक कठोर केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ‘गौडियुम एत स्पेस’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लिंगभेदावर आधारलेला पक्षपात परमेश्वराच्या योजनेविरुद्ध असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. एकाच वर्षी शासनाचे दार बंद होत होते आणि ख्रिस्तसभेचे दार उघडत होते. शासनाचे दार उघडावयास मात्र १९७९ साल उजाडावे लागले, आणि रीतसर नियमावली १९८३ मध्ये आली.

त्यानंतरचा प्रवास थक्क करणारा आहे. १९९१ साली चीनमध्ये भरलेल्या पहिल्या महिला विश्वचषकात ब्राझीलचा संघ उतरला. पुढे मार्ता या खेळाडूने विश्वचषक स्पर्धांत १७ गोल केले. तोपर्यंत इतके गोल कोणत्याही पुरुषालाही करता आले नव्हते. जुलै २००७ मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत ब्राझीलच्या महिलांनी अमेरिकेला ५-० असे नमविले, तेव्हा ६७ हजारांहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. ते स्त्रियांचाच खेळ पाहावयास आले होते. २०२७ च्या महिला विश्वचषकाचे यजमानपदही ब्राझीलला मिळाले आहे.

यावरून आम्हांस एक गोष्ट जाणवते. आधीचा सामना हा उंबरठा आहे, घर नव्हे. उंबरठ्याशिवाय आत जाता येत नाही हे खरे. परंतु एखाद्याला कायमचे उंबरठ्यावर उभे ठेवणे हा पाहुणचार नव्हे.

गोव्यात १८८३ साली शिवोली येथे फुटबॉल आणण्याचा मान फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंना दिला जातो. खेळ आणि चर्चचे अंगण यांचे नाते आपल्याकडे असे जुने आहे. सणाच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांत स्पर्धा भरतात, तेव्हा वेळापत्रक बहुधा आम्हां धर्मगुरूंच्या व युवक मंडळाच्या हाती असते. मुलींचा सामना भर उन्हात, रिकाम्या मैदानावर उरकून घ्यावयाचा, की मुलांच्या अंतिम सामन्याच्या लगेच आधी, गाव जमत असताना, ठेवावयाचा, हा निर्णय लहान दिसतो. पण मुलींना प्रेक्षक मिळणे न मिळणे त्यावरच अवलंबून असते. सामन्याची घोषणा मिस्सानंतर मुलांच्या सामन्याबरोबरच व्हावी, पंच तेच असावेत, बक्षीस त्याच व्यासपीठावरून दिले जावे. आणि दोन-चार वर्षांनी, लोकांचे डोळे सरावले म्हणजे, एखाद्या सणाला मुलांचा सामना आधी व मुलींचा शेवटी ठेवून पाहावा. गाव घरी जाते की थांबते, ते तेव्हा कळेल.