वाटसरूचे पाणी : कुड्याच्या पोढीपासून महाडच्या तळ्यापर्यंत

१/ तळा, मांदाड, कुडे हा रायगड जिल्ह्याचा कोपरा आज मुंबई-गोवा महामार्गापासून जरा आत पडतो. इंदापूरला महामार्ग सोडून वळल्याखेरीज तो दिसत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी मात्र हाच कोपरा भर वाटेवर होता. त्या वाटेने आणि नंतरच्या वाटांनी जाणाऱ्या माणसाला अन्नपाणी कोठे मिळे, ते कोण देई आणि कोणाला ते नाकारले जाई, याचा हा मागोवा. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ मांदाडची खाडी राजपुरीच्या खाडीला मिळते आणि राजपुरीची खाडी समुद्राला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ ही दर्यावर्दी मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात कल्याण आणि चौल या बंदरांच्या पुढे दक्षिणेस ‘मांदागोरा’ हे नाव येते. काही अभ्यासक ते बाणकोटला नेतात, तर काही मांदाडला. मांदाडच्या बाजूने बोलणारा मोठा पुरावा खाडीच्या वरच्या डोंगरात कोरलेला आहे. तो म्हणजे कुड्याची लेणी.

३/ कुड्याला २६ बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत ‘महाभोज’ या स्थानिक सत्ताधारी घराण्याची नावे येतात. महाभोज मांदव खंदपालित हे त्यांपैकी एक. परंतु लेखांचे खरे आकर्षण दात्यांच्या व्यवसायांत आहे. शिवभूती नावाचा लेखनिक आपली पत्नी नंदा हिच्यासह लेणे दान करतो. आणखी एका लेण्याचा दाता कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. माळी आहेत, श्रेष्ठी आहेत आणि सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्यांचे प्रमुखही आहेत.

४/ कऱ्हाडचा लोखंडवाला खाडीकाठच्या डोंगरात दान करतो, याचा अर्थ उघड आहे. घाटमाथ्यावरचा माल सह्याद्री उतरून या बंदराकडे येत होता आणि मालाबरोबर माणसे येत होती. बैल, ओझी आणि माणसे यांचा हा प्रवास दिवसेंदिवस चाले. अशा प्रवासात पहिला प्रश्न जेवणाचा नसतो, कारण धान्य पाठीवर नेता येते. पहिला प्रश्न पाण्याचा असतो.

५/ कोकणात पाऊस उदंड, पण तो टिकत नाही. उतारावरून वाहून समुद्राला मिळतो आणि फाल्गुन-चैत्रात डोंगर कोरडे पडतात. व्यापाराचा हंगाम नेमका याच कोरड्या महिन्यांत असे. म्हणून लेण्यांच्या दारात कातळात खोदलेली टाकी महत्त्वाची. वरून येणारे पावसाचे पाणी त्यांत साठते, आणि तोंड लहान ठेवले तर ऊन कमी लागून पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरते. शिलालेखांच्या प्राकृतात अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. लेणे दान करावे तशी पोढीही स्वतंत्रपणे दान केली जाई आणि दात्याचे नाव तिच्यावर कोरले जाई. कुड्यातही असे लेख आहेत.

६/ लेणी म्हणजे प्राचीन धर्मशाळा, असे सरसकट म्हणणे चूक ठरेल. ती भिक्खुसंघाची निवासस्थाने होती आणि दान संघाला होते. तरीही नाणेघाट, कार्ले, भाजे, जुन्नर, कुडे या साऱ्या जागा वाटांच्या आसपास याव्यात, हा योगायोग नव्हे. संघाला दात्यांची गरज होती आणि दात्यांना वाटेवर माणसांचा वावर व पाणी असलेली ठिकाणे हवी होती.

७/ वाटसरूच्या सोयीचा सर्वांत स्पष्ट प्राचीन लेख कुड्यात नसून नाशिकच्या पांडवलेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे क्रमांक १० मध्ये आपल्या दानांची यादी कोरविली आहे. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा आरंभ. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे त्याने चौसोपी विश्रांतिगृहे बांधली, बागा लावल्या, तळी आणि विहिरी खोदल्या. तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर नावेने फुकट उतार दिला आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ व ‘प्रपा’ उभारल्या.

८/ ‘प्रपा’ म्हणजे वाटसरूंना पाणी पाजण्याची जागा. हा शब्द मराठीतून गेलेला नाही. ‘पानीय’ आणि ‘प्रपा’ मिळून झिजत झिजत ‘पाणपोई’ झाली. चैत्रात रस्त्याच्या कडेला ओले फडके गुंडाळलेले माठ दिसतात, तेव्हा आपण क्षत्रपकाळातलाच शब्द वापरत असतो. त्याच लेखात नानंगोल गावच्या ३२ हजार नारळाच्या झाडांचेही दान आहे. किनाऱ्यावरचा दाता पाण्याच्या पाठोपाठ नारळ देतो, हे आजच्या कोकण्यालाही पटावे.

९/ या साऱ्या दानांमागची प्रेरणा ध्यानात ठेवावी, कारण धाग्याच्या शेवटी तिचेच काम आहे. पाणी देणे हे पुण्य होते. पुण्य देणाऱ्याच्या खात्यावर जमा होते, म्हणून शिलालेखांत नाव दात्याचे असते. घेणारा कोण, याचा निर्णयही दाताच करतो. उषवदात गायी, गावे, भोजने ब्राह्मणांना देतो आणि लेणे भिक्खुसंघाला.

१०/ आता अन्नाकडे वळू. मराठी लोककथांतला प्रवासी ‘तहानलाडू-भूकलाडू’ घेऊन निघतो. प्रत्यक्षात तो शिदोरी बांधून निघे. भाकरी, चटणी, कांदा, सातूचे पीठ, पोहे. सोवळे पाळणाऱ्या घरांत दशम्या करीत, म्हणजे पिठात पाण्याऐवजी दूध घालून भाजलेल्या पोळ्या. त्या अधिक टिकतात हे एक कारण. दुसरे असे की पाण्यात शिजलेल्या अन्नाला जसा विटाळ लागतो, तसा दुधात भिजवलेल्या दशमीला लागत नाही, अशी समजूत होती. शिदोरीच्या पदार्थांतसुद्धा जातीचे शास्त्र मुरलेले होते.

११/ परका पाहुणा या व्यवस्थेत कसा बसे, याचे मजेदार उदाहरण रायगडावर सापडते. मे १६७४ मध्ये इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून निघाला. चौल, अष्टमी, निजामपूर करीत तो पाचाडला पोहोचला. म्हणजे तो आजच्या रोहे-माणगाव भागातूनच गेला. महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेले असल्याने त्याला पायथ्याशी थांबावे लागले. पुढे ६ जून १६७४ चा राज्याभिषेक त्याने पाहिला.

१२/ या मंडळीला शिधा म्हणून मिळे ती मुख्यतः खिचडी. डाळ, तांदूळ आणि तूप. जॉन फ्रायरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासग्रंथात याचा वृत्तान्त आला आहे. रोज खिचडी खाऊन इंग्रज कंटाळले आणि त्यांनी मांसाची मागणी केली. गडावरच्या थोड्या मुसलमानांना मटण पुरविणारा एक खाटीक होता. त्याला हुकूम झाला आणि रोज अर्धा बोकड जाऊ लागला. काही वर्षांत झाली नव्हती एवढी विक्री या थोड्या दिवसांत झाली. तेव्हा हे गिऱ्हाईक आहे तरी कोण, हे बघायला तो म्हातारा खाटीक गड चढून आला.

१३/ गंमत बाजूला ठेवली तर यातून व्यवस्था कळते. पाहुण्याची सोय राजाच्या आज्ञेने होत होती. पैसे दिले की जेवायला मिळेल, असे सार्वजनिक ठिकाण वाटेवर नव्हते. शिजवलेले अन्न विकत घेणे हा रिवाजच विरळा होता. प्रवासी स्वतः रांधी, जातभाईच्या घरी उतरे, किंवा देवळाच्या, मठाच्या, अन्नछत्राच्या आश्रयाला जाई.

१४/ अठराव्या शतकात या दानपरंपरेला अहिल्याबाई होळकरांनी सर्वांत मोठे रूप दिले. १७६७ ते १७९५ या कारकिर्दीत त्यांनी देशभरच्या तीर्थस्थानी धर्मशाळा, घाट, विहिरी आणि अन्नछत्रे उभी केली. पुढच्या शतकात या जाळ्यातून गेलेला एक माणूस रायगड जिल्ह्याचाच. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे.

१५/ घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी, म्हणून गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि थेट उठावाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्याच्या वेळी ते शहरात होते. घरी परतताना आईवडिलांसाठी त्यांनी कावडीतून गंगाजल आणले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. वाचताना एक गोष्ट ठसते. शेकडो कोस परक्या मुलुखातही विद्वान ब्राह्मणाला मराठी सरदारांची, भिक्षुकांची, यजमानांची घरे लाभत होती. जात हीच त्याची खाणावळ होती. ज्याची जात अशी सोय करू शकत नसे, त्याने प्रवासात काय करावे, हा प्रश्न येथे उभा राहतो.

१६/ रेल्वे आणि आगबोटींनी हे चित्र बदलले, पण अर्धेच. १८६३ साली बोरघाट रेल्वेने ओलांडला. किनाऱ्यावर आगबोटी सुरू झाल्या आणि कोकणी माणूस मुंबईच्या गिरण्यांकडे धावला. एकट्या गिरणी कामगारांसाठी खानोट्या आणि खाणावळी उभ्या राहिल्या. इराण्यांच्या हॉटेलांत पैसे मोजणाऱ्याला चहा-ब्रून मिळू लागला. दुसरीकडे जातीच्या नावाची पाटी लावलेली उपाहारगृहे होती आणि स्थानकांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे माठ. गाडीत सगळे एका बाकावर बसत, फलाटावर उतरले की पुन्हा वेगळे होत.

१७/ १९०१ साली साताऱ्याहून काही मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. त्यांतला एक भीमराव आंबेडकर. वडील खटाव तालुक्यात खजिनदाराच्या कामावर होते आणि मुले त्यांच्याकडे निघाली होती. ती महार असल्याचे कळताच कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर.

१८/ मुलांजवळ जेवण भरपूर होते, पाणी नव्हते. वाटेतले डबके शेणामुताने भरलेले होते. जकात नाक्यावर त्यांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले, तरी मिळाले नाही. शिदोरी तशीच राहिली आणि मुले उपाशी झोपली. हा प्रसंग पुढे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे. उषवदाताच्या प्रपेपासून अठराशे वर्षे पाणी पाजण्याचे पुण्य गाणाऱ्या मुलुखात हे घडले.

१९/ येथून वाट परत आपल्या जिल्ह्यात येते. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी खर्चाने चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, पण कागदावर. प्रत्यक्षात तेथे पाणी भरण्याची कोणाची छाती झाली नाही.

२०/ १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही मंडळी तयारीत पुढे होती. दूरदूरहून आलेल्या प्रतिनिधींना प्यायला पाणी हवे होते आणि गावातला एकही पाणवठा त्यांना खुला नव्हता. आयोजकांनी सवर्णांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घेतले. ज्या तळ्यावर त्यांचा कायदेशीर हक्क होता, ते तळे हाकेच्या अंतरावर भरलेले होते.

२१/ २० मार्चला मिरवणूक तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्याले आणि मग सर्वांनी. त्यानंतर सत्याग्रही वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जमाव मंडपावर चालून आला. तेथे परतीच्या वाटेवरचे लोक जेवत होते. अन्न मातीत तुडवले गेले, माणसांना मारहाण झाली. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेब उतरले होते सरकारी डाक बंगल्यात. पुढे १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

२२/ डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. वाटेत मोटारवाले अडवतील या शंकेने बाबासाहेब आणि सोबतचे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने समुद्रमार्गे निघाले आणि खाडीतून दासगावच्या धक्क्याकडून महाडला पोहोचले. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

२३/ २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या संविधानाचे कलम १५ (२) उघडून पाहावे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे ते सांगते. ही यादी उषवदाताच्या यादीशेजारी ठेवली तर नवल वाटते. बहुतेक ठिकाणे तीच आहेत. बदलला आहे तो घेणारा. लेण्यातल्या यादीत तो दात्याच्या पुण्याचे निमित्त आहे, संविधानातल्या यादीत तो हक्कदार नागरिक आहे.

२४/ १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढे गावोगाव स्थानके, उपाहारगृहे, नळ आले. इंदापूर वा माणगावला गाडी थांबते. उतारू उतरतात, चहा-वडापाव घेतात, बाटली भरतात आणि कोणी कोणाला जात विचारत नाही. ही इतकी साधी गोष्ट मिळवायला कुलाबा जिल्ह्याच्या लोकांनी मार खाल्ला आहे.

२५/ तळ्याकडे जाणे झालेच तर कुड्याचा डोंगर चढावा आणि लेण्यांच्या दारातली पाण्याची टाकी नीट पाहावीत. तेथून महाडचे चवदार तळे एका दिवसात सहज गाठता येते. इतिहास शिकताना ही दोन्ही ठिकाणे वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. प्रवासात ती एकामागोमाग येतात.