आभासी यंत्रे व जुन्या मराठी संहितांचे वाचन

'वेड पांघरून पेडगावला जाणे' या वाक्प्रचाराच्या मुळाशी सोंगाची कल्पना आहे. पेडगाव नावाचे गाव परभणी जिल्ह्यातही आहे. वाक्प्रचाराचा संबंध मात्र सामान्यतः भीमाकाठच्या, श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावाशी जोडला जातो. संगणकशास्त्रात ज्यास आभासी यंत्र म्हणतात, त्याचेही मर्म सोंगातच आहे. एका संगणकावर चालणारी आज्ञावली दुसऱ्या संगणकाचे सोंग घेते व तिच्यात चालणारी कार्यप्रणाली त्यालाच खरे यंत्र समजते. हे सोंग कोठे टिकते व कोठे उघडे पडते, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांनी उपेक्षून चालणार नाही.

या कल्पनेचा उगम आयबीएमच्या केंब्रिज येथील संशोधन केंद्रात झाला. तेथील सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये वापरात आली. १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर झाली. घरगुती संगणकाच्या इंटेल प्रक्रियकावर मात्र हे कार्य दुर्घट होते. कारण त्याच्या काही सूचना अशा होत्या, की त्या रोखून धरणे नियंत्रक आज्ञावलीस शक्य नसे. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये अशा सूचनांचे चालता चालता रूपांतर करून ही अडचण दूर केली. इंटेलने २००५ मध्ये प्रक्रियकातच तशी सोय केली, आणि २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्ती उपलब्ध झाली.

मराठीचा संबंध येतो तो येथे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण निश्चित झाले होते. तरी त्या दशकातील बहुतेक अक्षरजुळणी फॉंटनिष्ठ संकेतांत झाली. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी व 'क' नंतर साठविला जाई. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलट, म्हणजे उच्चारानुसारी आहे. परिणामी मूळ फॉंट व आज्ञावली नसल्यास संहिता निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन राहते. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, आणि जुन्या आज्ञावलींना हक्काचे यंत्र उरले नाही. आभासी यंत्र हाच तेव्हा जवळचा मार्ग होय.

या मार्गावरील दोष तीन प्रकारचे दिसतात. पहिला दोष यजमान संगणकाचा : प्रक्रियकातील साहाय्यक सोय बायॉसमध्ये बंद असणे, किंवा ती विंडोजच्या हायपर-व्हीने आधीच ताब्यात घेतलेली असणे. डिसेंबर २०१९ मधील व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून या सोयीवाचून काम चालतच नाही. दुसरा दोष देवघेवीचा : विंडोज ९८ साठी व्हर्च्युअलबॉक्सची पूरक साधने नाहीत, म्हणून सामायिक फोल्डरची आशा सोडून फाइली चकतीच्या प्रतिमेतून आत न्याव्या लागतात. तिसरा दोष सर्वांत कठीण. अनेक जुन्या आज्ञावली संगणकाच्या समांतर द्वारात खोचलेली कुलूप-कळ शोधतात. ती न सापडल्यास उत्तम सोंगही निष्फळ ठरते. आभासी यंत्र सर्वपरिचित उपकरणांचीच नक्कल करते, आणि ही कळ त्यांत मोडत नाही.

निर्मात्याचे साहाय्य संपले, की दोषनिवारणाचा भार वाचकावर पडतो, हा या इतिहासाचा बोध होय. म्हणून आभासी यंत्रास संग्रहालय मानू नये; तो केवळ उतार आहे. संहिता त्यातून युनिकोडमध्ये आणावी, तिच्या वेलांट्या व रफार मुद्रित प्रतीशी ताडून पाहावेत, आणि मूळ फाइलही जपून ठेवावी. ज्या संहितेची मुद्रित प्रत उरलेली नाही, तिच्या बाबतीत हा विलंब परवडणारा नाही.